सीपीयू रिकामा असला की नेटवर्क रांगतं, कामात असला की सुसाट! हे काय गौडबंगाल?

रात्रपाळी
मंडळी, डोकं चालेना म्हणून इथे विचारतोय. दोन लिनक्स मशीन आहेत, एक फाइल सर्व्हर आणि एक रोजच्या कामाचं, मधे गिगाबिटचा साधा स्विच, दोन्हीत इंटेलची सहाव्या पिढीची चिप. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) लावला की सरळ ९४१ मेगाबिट, म्हणजे गिगाबिटवर जेवढं निघतं तेवढं सगळं निघतंय. पण एनएफएसवरून (सर्व्हरचे फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) सोर्सकोडचा फोल्डर कॉपी करायला घेतला, ४० हजारच्या आसपास बारक्या बारक्या फाइल्स, की १ मिनिट २० सेकंद. टॉप उघडून बघितलं तर दोन्हीकडे सीपीयू ५ टक्क्यांच्या वर जात नाही, एसएसडी पण निवांत. मग नक्की कोण कोणासाठी थांबलंय?

आता खरी गंमत ऐका. काल सर्व्हरवर व्हिडिओ एन्कोडिंग चालू होतं, इकडे कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल होत होता, दोन्हीला नाइस लावलेला, म्हणजे इतर कामांना आधी वाट द्यायची. म्हटलं आता कॉपी लावली तर जन्मात संपायची नाही, तरी लावली, तर ३५ सेकंदांत खलास. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. मशीनवर लोड टाकला की नेटवर्क पळतं, हे कोणी ऐकलंय का?

गाठसोड्या
केबल बदल आधी. आणि जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेटं) चालू कर.

रात्रपाळी
केबल दोन बदलून झाल्या. आणि केबल खराब असती तर ९४१ आलं असतं का राव. जंबो फ्रेमने पण काडीचा फरक नाही, फाइल्सच २-३ केबीच्या आहेत, त्या मोठ्या फ्रेममध्ये भरायला तरी काय आहे.

अर्धीझोप
तुझी केबल, स्विच, कार्ड सगळं ठणठणीत आहे. तुझा प्रोसेसर झोपतोय. दोन पॅकेटांच्या मधे झोपतोय.

काम नसलं की सीपीयूचा कोअर सी-स्टेटमध्ये जातो. सी१ म्हणजे नुसता डोळा लागणं, सी६ च्या पुढे म्हणजे दिवे मालवून, कॅश रिकामी करून, पांघरूण ओढून झोपणं. जितकी गाढ झोप तितका उठायला वेळ. तुझ्याच मशीनवर बघ, सिसच्या खाली डिव्हाइसेस, सिस्टिम, सीपीयू, मग सीपीयू-० आणि त्यात सीपीयूआयडल, तिथे प्रत्येक स्टेटच्या फोल्डरमध्ये लेटन्सी नावाची फाइल असते, आकडा मायक्रोसेकंदात. त्या पिढीला साधारण २, १०, ७०, ८५, १२४, २०० अशी उतरंड दिसेल.

आता बारक्या फाइलचं काम म्हणजे निव्वळ सवाल-जवाब. इकडून विचारलं आणि उत्तर येईस्तोवर इकडचा झोपला, तिकडच्याला पॅकेट मिळालं तेव्हा तो झोपेतून उठणार, उत्तर देणार, परत आडवा होणार, मग इकडचा उठणार. एका फेरीत दोन डुलक्या. वर कोअर जेमतेम ५ टक्के बिझी, म्हणून गव्हर्नरला (घड्याळाचा वेग ठरवणारा कर्नलचा भाग) वाटतं काम काहीच नाही, तो घड्याळ पार ८०० मेगाहर्ट्झवर आणून ठेवतो, म्हणजे उठल्यावरही गडी पेंगत पेंगत काम करणार. ४० हजार फाइल्स, फाइलमागे ३-४ फेऱ्या, झाल्या दीड लाख. फेरीमागे ०.३ मिलिसेकंद जास्त गेले तर ४५ सेकंद. तुझा फरक किती? ८० वजा ३५.

आयपर्फला हे दिसत नाही कारण तो पॅकेटांचा पूर आणतो, पुरात झोपायला सवडच मिळत नाही. आणि कंपाइल चालू असताना कोअर जागेच असतात, घड्याळ पण वर.

खात्री करायची तर पिंग कर (एक पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघ), आधी सेकंदाला १ आणि मग सेकंदाला १००. दुसऱ्यात वेळ कमी आला तर चोर सापडला.

रात्रपाळी
अरे बापरे. सेकंदाला १ ने सरासरी ०.३९ मिलिसेकंद, सेकंदाला १०० ने ०.२२, आणि दोन्हीकडे रिकामा लूप फिरवत ठेवून ०.११. उतरंड पण अगदी तू लिहिलीस तीच. आता बंद कसं करू?

फुल्लगॅस
एवढं कशाला, बायोसमध्ये जा, सी-स्टेट, सी१ई (सी१ पेक्षा थोडी गाढ झोप), स्पीडस्टेप (घड्याळ वरखाली करणारी सोय) सगळं डिसेबल, विषय संपला. मी प्रत्येक मशीनवर पहिलं हेच करतो.

अर्धीझोप
फुल्लगॅस, विषय नाही संपत. लिनक्सचा इंटेल-आयडल ड्रायव्हर स्वतःचा तक्ता घेऊन चालतो, बायोसमधलं ऐकेलच असं नाही. बूटला इंटेल-आयडलचा मॅक्स-सीस्टेट ० दिला तरी लोक फसतात, त्याने फक्त तो ड्रायव्हर बाजूला होतो आणि एसीपीआयचा ड्रायव्हर येऊन परत झोपवतो. आणि सगळे कोअर कायम जागे ठेवलेस तर टर्बो (घड्याळ नेहमीपेक्षा वर नेणं) मार खातो, एक-दोनच कोअर चालू असतील तेव्हा चिप सगळ्यात वर जाते, बाकीचे झोपले तरच ना ते जमणार.

रात्रपाळी, तू डेव्हच्या खालची सीपीयू-डीएमए-लेटन्सी ही फाइल वापर. तिच्यात आकडा लिहिला की कर्नल त्याहून जास्त उठायला लागणाऱ्या स्टेटमध्ये जातच नाही. तुला २० पुरे, सी१ई पर्यंत चालेल, खालचं सगळं बंद. गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेव. तिथे पॉवरसेव्ह लिहिलेलं दिसलं तर दचकू नकोस, इंटेल-पीस्टेट ड्रायव्हरचा पॉवरसेव्ह लोड बघून वरखाली होतो, जुन्या ड्रायव्हरचा मात्र खरोखर तळाला खिळून बसतो. नाव एक, स्वभाव दोन, कोणी ठेवलं देव जाणे.

चौथीखिडकी
विंडोजवाल्यांसाठी सांगते, आमच्याकडे हाच प्रकार बॅलन्स्ड पॉवर प्लॅनमुळे होता, हाय परफॉर्मन्स केल्यावर गेला. व्हर्च्युअल मशीन असेल तर आतून कितीही खुडबुड करा, खाली होस्टचं पॉवर प्रोफाइल बदलल्याशिवाय उपयोग नाही, यात माझे दोन दिवस गेलेत. आणि कार्डाचं एनर्जी एफिशियंट इथरनेट (लिंक रिकामी असताना वीज वाचवणारी सोय) पण बंद करून बघा.

अर्धीझोप
ते इथरनेटचं वेगळं प्रकरण आहे, २०१० च्या ८०२.३एझेड मधलं. गिगाबिटवर त्याचं उठणं १६.५ मायक्रोसेकंदांचं, रात्रपाळीचे ३०० त्याने भरून निघत नाहीत. पण काही स्विचशी त्याचं पटत नाही आणि लिंकच पडते, त्यासाठी बंद करायला हरकत नाही.

रात्रपाळी
केलं. आधी फक्त गव्हर्नर बदलला, १ मिनिट ६ सेकंद. मग त्या फाइलीत २० लिहिला, परत १ मिनिट ६. ढिम्म. तासभर खाजवत बसलो.

अर्धीझोप
एको कमांडने लिहिलास ना? फाइल उघडी आहे तोवरच ती अट लागू असते. एको लिहितो आणि लगेच बंद करतो, अट गेली. फाइल उघडून, चार बाइटचा पूर्णांक लिहून, तशीच धरून बसणारा प्रोग्रॅम हवा. नाहीतर ट्यून्डचं (मशीनची सेटिंग लावून देणारी सेवा) लेटन्सी-परफॉर्मन्स प्रोफाइल लाव, ते हेच करतं.

रात्रपाळी
एकोच होता 😅 पायथनच्या पाच ओळी लिहिल्या, उघडायचं, लिहायचं, आणि झोपायचं (आता झोपायची पाळी स्क्रिप्टची), दोन्हीकडे सर्व्हिस म्हणून टाकली. कॉपी ३८ सेकंद, सेकंदाला १ वाला पिंग ०.१३. सर्व्हरच्या प्लगला मीटर लावलाय, रिकामा असताना १९ वॅट होता, आता २४.

फुल्लगॅस
५ वॅटसाठी एवढा उपद्व्याप?

रात्रपाळी
दिवसरात्र चालू असतो रे तो. रात्री १२ ला सर्व्हिस थांबवून सकाळी ८ ला चालू करायचा टाइमर टाकलाय, रात्री झोपू दे त्याला.