अडीच वर्षांची मुलगी रात्री वारंवार उठते, काय करावे?

प्रश्न
माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. रात्री दहाच्या सुमारास ती माझ्या मांडीवर, दुधाची बाटली तोंडात धरून झोपते. परंतु मध्यरात्रीनंतर दर दीड-दोन तासांनी रडत उठते आणि पुन्हा बाटली व थोपटणे मिळाल्याशिवाय डोळे मिटत नाही. दुपारी ती पाळणाघरात झोपते आणि संध्याकाळी साडेपाचला मी आणायला जाते, तेव्हा बहुधा नुकतीच उठलेली असते. सासूबाईंच्या मते जायफळ उगाळून द्यावे. ओळखीच्या एका बाईंनी सर्दीचे औषध सुचवले, ते मात्र मला पटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (दोन मुलांची आई)
झोपेचे एक आवर्तन संपले की सर्वच मुले, आणि मोठी माणसेही, क्षणभर जागी होतात व कूस बदलून पुन्हा झोपतात. तुमच्या मुलीला मात्र मांडी, थोपटणे आणि बाटली असली तरच झोप लागते, त्यामुळे जाग आल्यावर यांपैकी काहीच जवळ नाही असे दिसताच ती रडते. म्हणून बदलाची सुरुवात मध्यरात्री न करता झोपी जाण्याच्या वेळेपासून करावी. दूध जेवणाच्या वेळी पेल्यातून द्यावे, नंतर दात घासावेत (बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात फार लवकर किडतात) आणि ती पेंगुळलेली, पण जागी असतानाच अंथरुणावर ठेवावी. सुरुवातीला शेजारी बसून पाठीवर हात ठेवावा व तोही हळूहळू कमी करावा. रात्रीचे दूध एकदम बंद करणे जड जात असेल, तर दर दोन-तीन रात्रींनी थोडे थोडे घटवावे. काही रात्री रडणे वाढेल. त्या काळात घरातील सर्वांचे एकमत हवे, कारण आज तुम्ही ठाम राहिलात आणि उद्या आजोबांनी बाटली दिली (आजोबा हमखास देतात), तर पुरेसे रडल्यावर बाटली मिळते हेच ती शिकेल.

प्रतिसाद २ (पाळणाघर चालिका)
दुपारच्या झोपेकडे आधी पाहावे, असे मला वाटते. एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 11 ते 14 तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते, आणि यात दुपारची झोपही धरलेली असते. पाच वाजून गेल्यावर उठलेले मूल रात्री लवकर झोपणे कठीणच. मुले झोपली की आम्हालाही उसंत मिळते, त्यामुळे कोणी सांगितल्याशिवाय त्यांना उठवले जात नाही, हे स्पष्टच सांगते. साडेतीनच्या आत उठवण्याची विनंती करावी आणि रात्रीची वेळही दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी.

प्रतिसाद ३ (बालरोगतज्ज्ञ)
सासूबाईंचा हेतू चांगला असला, तरी जायफळ देऊ नये. सहाणेवर किती उगाळले गेले याचा अंदाज येत नाही आणि अधिक मात्रेत त्यातील घटकांमुळे उलट्या, धडधड व गुंगी येऊ शकते. सर्दीचे औषध झोपेसाठी देणे तर सर्वथा अयोग्य आहे. त्यातील काही औषधांनी लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो.

वरील उपाय योग्यच आहेत, मात्र त्यासोबत काही गोष्टी तपासाव्यात. ती रात्री गुदद्वाराशी खाजवत असेल तर जंतांची शक्यता आहे, कारण सुतासारखे बारीक जंत रात्रीच तेथे अंडी घालतात; जंत आढळल्यास घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. दिवसभर दुधावरच भागवणाऱ्या मुलांमध्ये लोहाची कमतरता वारंवार दिसते आणि तिच्यामुळेही झोप अस्वस्थ होते, म्हणून फिकटपणा वाटल्यास रक्त तपासून घ्यावे. ती रोज घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा श्वास मध्येच अडकत असेल, तर त्याची मोबाइलवर चित्रफीत काढून आपल्या डॉक्टरांना दाखवावी, कारण दिवसा दवाखान्यात तपासताना हा प्रकार दिसत नाही.