अनुभव धागा: तुम्हाला भेटलेला 'का'

मंडळी, मराठीत 'का' हे एकच अक्षर किती कामं करतं पाहा. क्रियापदाआधी आला की कारण विचारतो, शेवटी गेला की हो-नाही विचारतो. 'एकदा का पाऊस लागला की' यातला का काहीच विचारत नाही, अट घालतो. 'कुणी का असेना' म्हटलं की वादच मिटतो. 'बरं का' म्हणताना समोरच्याचं लक्ष धरून ठेवतो. आणि कू जोडीला आला की माणूस का-कू करायला लागतो.

हाच उच्चार दुसऱ्या भाषांत काय काय करतो, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. शब्दकोशातून उतरवून नको. स्वतः ऐकलेला, बोललेला किंवा कुणाला शिकवलेला का हवा. गाव सांगा, अख्खं वाक्य सांगा, त्यात का कुठे बसतो ते सांगा. मराठीच्या बोलींतला असेल तर फारच उत्तम.

जपानी शिकवते, पुणे

माझ्या वर्गात मराठी मुलांचे चेहरे पहिल्यांदा खुलतात ते 'का'मुळे. साधं विधान करायचं आणि शेवटी का लावायचा, झाला प्रश्न. 'इकिमास' म्हणजे जातो, 'इकिमास का' म्हणजे जाता का. बाकी वाक्याला हात लावायचा नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, मराठी मुलाला नुसतं दाखवलं की पुरतं. औपचारिक लिखाणात तर जपानी लोक या का-नंतर प्रश्नचिन्हसुद्धा देत नाहीत, पूर्णविराम देतात. का आहे म्हणजे प्रश्न आहे, वेगळी खूण कशाला?

मला त्याहून आवडतो तो 'सोऽ देस का'. सूर वर नेला तर 'असं आहे का?'. सूर खाली सोडला तर प्रश्न उरतच नाही. शेजारच्या काकूंनी काही बातमी सांगितली की आपण 'असं का, बरं बरं' म्हणतो ना, अगदी तो. मी मुलांना आधी दोन्ही मराठीत म्हणायला लावते, मग जपानीत. सूर जसाच्या तसा उतरतो.

दोन पर्यायांच्या मध्ये आला की का म्हणजे 'किंवा': 'कोऽहीऽ का ओचा', कॉफी किंवा चहा. सुटा का म्हणजे डास. 'का देस का?' म्हणजे 'डास आहे का?'. कचेरीतला विभागही का, म्हणून विभागाचा प्रमुख 'काचोऽ'. डास आणि विभाग यांची चित्रलिपीतली चिन्हं निरनिराळी, त्यामुळे वाचताना अडत नाही. ऐकताना मात्र आजूबाजूचे शब्द धरूनच अर्थ लावायचा.

मुलं हमखास विचारतात, या दोन भाषा एका घरातल्या का? नाहीत. पण क्रियापद शेवटी ठेवायची सवय दोघींना आहे, आणि अशा भाषांमध्ये प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेपटाला लागणं नेहमीचं आहे.

वकील, सातारा जिल्हा

माझा का साक्षीच्या पिंजऱ्यातला. 'त्या दिवशी तुम्ही शेतावर गेला होतात का?' हा एक प्रश्न. 'त्या दिवशी तुम्ही शेतावर का गेला होतात?' हा दुसरा. शब्द तेच, का तेवढा दोन शब्द अलीकडे सरकला. पण दुसऱ्या प्रश्नात साक्षीदार शेतावर गेला होता हे आधीच धरून टाकलंय. तो कारण सांगायला लागला की जाणं कबूल झालंच. पहिल्या प्रश्नाला तो 'नाही' म्हणू शकतो, दुसऱ्याला 'नाही' म्हणायचं तर आधी प्रश्नच नाकारावा लागतो. ते धाडस पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाकडे कुठून येणार?

साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालणारे, म्हणजे सूचक प्रश्न सरतपासात (ज्या बाजूने साक्षीदार बोलावला तिच्याच वकिलाने केलेल्या तपासात) न्यायालयाच्या परवानगीशिवाय विचारता येत नाहीत, उलटतपासात विचारता येतात. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणून समोरच्या वकिलाचा सरतपास चालू असताना मी का कुठे पडतोय याकडे कान लावून बसतो. तो आधी पडला आणि ती गोष्ट अजून शाबीत झालेली नसली, की उठून हरकत घेतो. मी स्वतः विचारतो तेव्हा का शेवटी ठेवतो आणि त्यावर थोडं थांबतो, विशेषतः साक्षीदार वयस्कर असेल तर. आपल्याला नक्की काय विचारलंय हे कळण्याचा हक्क त्याला आहे.

मूळ नाशिक, सध्या बँकॉक

इथे बायका वाक्याच्या शेवटी जो शब्द लावतात तो नीट ऐकला तर 'खा' आहे. तो आदराचा शब्द. पुरुष त्याजागी 'ख्रप' म्हणतात. साधं वाक्य असेल तर सूर वरून खाली सोडायचा, प्रश्न असेल तर उंच धरायचा. नमस्कार म्हणजे 'सवातदी खा'. भाजीवाली, बँकेतली मुलगी, डॉक्टरीणबाई, सगळ्या म्हणतात. सासूबाई इथे राहायला आल्या तेव्हा त्यांना हा शब्द फार आवडला. जाईल तिथे आपल्याला कुणीतरी प्रेमाने 'खा' म्हणतंय, असं त्या नाशिकला फोनवर सांगायच्या.

आपला का इथे वेगळा आहे. श्वास न सोडता, सपाट सुरात म्हटला की थाईमध्ये का म्हणजे कावळा. चहाची किटलीही का, आणि कागदावर फुली मारणं म्हणजेही का. मतपत्रिकेवर मारतात ती फुली. खा-चा सूर बदलत गेलं की पाय, किंमत, ठार मारणं असे अर्थ निघतात. 'तोम खा' नावाचं सूप असतं, त्यातला खा म्हणजे आल्याच्या जातीचं एक मूळ. शिकवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं होतं की शब्द पाठ करू नकोस, सूर पाठ कर. मी गाणं शिकलेली असल्यामुळे ते लवकर जमलं.

कणकवली

आमच्या मालवणीत का एकटो फिरणा नाय, माणसाच्या पाठीक लागान येता. माका, तुका, तेका, तिका, आमका, तुमका. तुमचा 'मला' ता आमचा 'माका'. नामाक लागताना मात्र तेचो नुसतो 'क' होता: झिलाक, आवशीक, घराक. कारण इचारूचा आसात तर आमी 'कित्याक' म्हणतो. 'तुका कित्याक व्हया?' हेच्यातलो का इचारणा नाय, देता. गोंयकार 'म्हाका' म्हणतत, बाकी तसाच.

परिचारिका, मुंबई

आमच्या वॉर्डात एका रात्रीत तीन का ऐकू येतात. 'इतक्या उशिरा का आणलंत?' हा आमचा. 'बेड नंबर ७ का रिपोर्ट' हा हिंदीतला, चा-ची-चे सारखा. आणि पूर्वांचल-बिहारकडचे नातेवाईक विचारतात तो 'का भइल?'. भोजपुरीत का म्हणजे काय. काय झालं, असं ते विचारत असतात. आपल्या कानाला तो 'का झालं' असा लागतो.

मागच्या पावसाळ्यात डेंग्यूच्या एका मुलाची आई रात्रभर खुर्चीत बसून होती. पहाटे ताप उतरला तरी आम्ही सलाईन आणि नाडी बघायला पुन्हा पुन्हा येतोय हे बघून तिने घाबरून विचारलं, 'का भइल, सिस्टर?' मी शेजारी बसले. काय चाललंय ते सांगितलं, आणि ते का चाललंय तेही सांगितलं: डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात, रक्तदाब आणि प्लेटलेट तेव्हाच घसरू शकतात. तिने विचारलं होतं एवढंच की काय झालं. पण 'का'चं उत्तर मिळाल्यावरच तिने डबा उघडून दोन घास खाल्ले.

सुराबायात राहिलेली, आता ठाणे

इंडोनेशियनमध्ये शब्दाच्या मागे 'काह' लावून प्रश्न होतो. 'बिसा' म्हणजे जमेल, 'बिसाकाह' म्हणजे जमेल का. रोजच्या गप्पांत कमी, बातम्यांत आणि भाषणांत जास्त ऐकलाय.

बँकेतून निवृत्त, सांगली

नोकरीत शिलाँगला बदली झाली होती. खासी भाषेत नामाच्या आधी एक छोटा शब्द बसतो. पुल्लिंगी असेल तर 'उ', स्त्रीलिंगी असेल तर 'का', अनेकवचन असेल तर 'की'. डोंगर 'उ लुम', नदी 'का वाह'. झाड 'उ दिएङ', घर 'का इङ'. सगळ्यात नवल मला सूर्याचं वाटलं. सूर्य 'का स्ङी', म्हणजे बाई, आणि चंद्र 'उ ब्नाइ', म्हणजे बुवा. सूर्यनारायणाला अर्घ्य देणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे मनात रुजवायला वेळ लागतो, पण एकदा का रुजलं की त्या डोंगरांवरचं कोवळं ऊन निराळंच दिसायला लागतं.

माणसांच्या नावांपुढेही हे शब्द लागतात. इंग्रजांशी लढलेला खासी राजा तिरोत सिंग तिकडे 'उ तिरोत सिंग' असतो. बाईचं नाव असेल तर आधी का. खासी समाजात कूळ आईकडून चालतं, आणि वडिलोपार्जित घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं. तिला 'का खाद्दुह' म्हणतात. आईवडिलांना सांभाळायची जबाबदारीही तिचीच. आमच्या शाखेत खातं उघडायला मायलेकी यायच्या. सही लेकीची, पण फॉर्मवरची प्रत्येक ओळ आई बोट ठेवून वाचून घ्यायची.

बोटीवर नोकरी, घर गुहागर

आमच्या बोटीवर फिलिपिनो खलाशी बरेच आहेत. त्यांच्या टागालोगमध्ये का म्हणजे 'तू'. 'कुमुस्ता का?' म्हणजे कसा आहेस. यातला कुमुस्ता मूळचा स्पॅनिश. वॉच संपवून मेसमध्ये आलो की भाताच्या टोपाशी उभा असलेला कुक विचारतो, 'कुमाइन का ना बा?' जेवलास का? यात विचारणारा शब्द 'बा', का म्हणजे तू, आणि ना म्हणजे एव्हाना. मराठी माणूस का-लाच प्रश्न समजतो आणि तरी अर्थ बरोबर लागतो!

वयाने मोठ्या माणसाला का म्हणायचं नाही. आमच्या बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, सगळे 'कुमाइन ना पो बा कायो?' विचारतात. कायो म्हणजे तुम्ही, पो म्हणजे आदर. फोनला रेंज आली की घरून आईचा पहिला प्रश्न तोच असतो, जेवलास का.

ऑकलंड

मुलीच्या वहीत बाई 'का पाइ' लिहितात, म्हणजे छान, शाब्बास. शाळा सुटताना पोरं 'का कीते' म्हणतात, भेटू या. माओरीत का वाक्याच्या तोंडाशीच येतो आणि पुढे क्रिया येतेय हे सांगतो. माओरी इथे १९८७ पासून अधिकृत भाषा आहे, म्हणून सगळ्याच मुलांच्या कानावर पडते. आमच्या घरात आता दोन्ही का नांदतात, एक वाक्याच्या सुरुवातीला आणि एक शेवटी.

संस्कृतची निवृत्त शिक्षिका, मिरज

संस्कृतात का म्हणजे 'कोण' किंवा 'कोणती', स्त्रीलिंगी. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५४ वा श्लोक, 'स्थितप्रज्ञस्य का भाषा', कितीतरी मराठी घरांत संध्याकाळी म्हटला जायचा. तिथे अर्जुन कारण विचारत नाही, स्थितप्रज्ञाचं लक्षण कोणतं ते विचारतो. पुल्लिंगी रूप 'कः'. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२१ व्या सूक्तात पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी 'कस्मै देवाय हविषा विधेम' हे पालुपद आहे: कोणत्या देवाला आम्ही हवि अर्पण करावा? पुढे ब्राह्मणग्रंथांत हा 'क' प्रजापतीचंच नाव मानला गेला. प्रश्नाचंच दैवत झालं! मला संस्कृतात याहून सुंदर काही वाटत नाही.

पुण्याच्या ताई, तुमचा 'कॉफी किंवा चहा'वाला का वाचला आणि ज्ञानेश्वरी काढली. बारावा अध्याय: 'जो खांडावया घावो घाली । कां लावणी जयानें केली । दोघां एकचि साउली । वृक्षु दे जैसा ॥' यातला कां म्हणजे किंवा. घाव घालणारा असो किंवा रोप लावणारा असो, झाड दोघांना सारखीच सावली देतं. १२९० सालच्या मराठीत हा का अगदी सर्रास आहे. आज ते काम 'किंवा' आणि 'की' करतात.

कामानिमित्त कैरो

तहरीर चौकातल्या संग्रहालयात होर नावाच्या राजाचा लाकडी पुतळा आहे, १८९४ मध्ये दहशूरला सापडलेला. त्याच्या डोक्यावर दोन हात आहेत, कोपरात वाकवून वर उचललेले. चित्रलिपीत हीच खूण म्हणजे 'का'. माणसाबरोबर जन्मणारी, मेल्यावरही उरणारी जीवनशक्ती. तिला भूक लागते, म्हणून थडग्यांच्या भिंतींवर भाकरी, बिअर, मांस 'अमक्याच्या का-साठी' असं कोरलेलं असतं. त्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे 'का' हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी धरलेला आहे. बँकॉकच्या ताईंचा कावळा वाचून आमच्या घरचा सर्वपित्रीचा घास आठवला. गेलेल्याला जेवू घालायचंच, हे नाईलकाठीही आहे आणि कृष्णाकाठीही.

अकोला

वकीलसाहेब, तुमची अडचण आमच्याकडे येतच नाही. वऱ्हाडीत कारण विचाराचं असलं त 'काहून', आन् हो-नाही विचाराचं असलं त 'का'. 'वावरात गेलते का?' आन् 'वावरात काहून गेलते?' दोन्ही सवाल दुरूनच वेगळे ऐकू येतात. का कुठंही ठेवा.

वकील, सातारा जिल्हा

हे फार मोलाचं सांगितलंत. कणकवलीकरांचं 'कित्याक'ही तेच काम करतं. मग अकोल्याच्या कोर्टात साक्षीदाराच्या तोंडचा 'काहून' जबानीत तसाच उतरवतात, की टंकलेखक त्याचा 'का' करून टाकतात? तिकडचं कुणी कोर्टात काम करत असेल तर कृपया लिहा.