दाव्याचे नमुने उतरवून दिवाणी काम येत नाही

बांधावरची: काल इथे एकाने लिहिलं, पॅरालीगल डिप्लोमावाल्यांनी कोर्टात चकरा मारू नयेत, घरी बसून दाव्याचे शंभर नमुने टाइप करावेत, सगळं येतं. वाचून राहवलं नाही. दाव्यात काय काय लिहायचं ते सांगणारा दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ७ रूल १ मलाही तोंडपाठ होता. पण वकीलबाईंकडे पहिल्याच आठवड्यात चतुःसीमा, म्हणजे जमिनीच्या चारही बाजूंना काय आहे ते, लिहिताना मी पूर्वेचा गट पश्चिमेला टाकला. बाई ओरडल्या नाहीत. मोजणीचा नकाशा पुढे सरकवला, उत्तरेच्या बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "उद्या हुकूमनामा झाला तर ताबा कुणाच्या शेताचा घ्यायचा?" नमुन्यात त्या जागी नुसती टिंबं असतात! रोजनामा (त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) वाचा, पुरसीस (पक्षकाराचं कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) कधी देतात ते बघा, मग दावा लिहायला बसा.

नमुनाकार: ते मीच लिहिलं होतं. आठ महिने झेरॉक्स काढल्या, नक्कल विभागाच्या रांगेत उभा राहिलो. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज एकदाही लिहायला मिळाला नाही. बसभाडं घरून. जे शिकलो ते रात्री जुन्या फायली उतरवून. फुकट राबण्याला शिक्षण म्हणू नका.

निवृत्त कारकून: रांगेत उभं राहून हातातली फाइल उघडली होती का? कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराचे ३० दिवस समन्स बजावल्यापासून मोजतात, दावा दाखल झाल्यापासून नव्हे. ती तारीख समन्स बजावणाऱ्या बेलीफाच्या अहवालावर असते. पत्त्यात नुसतं "रा. अमुक गाव" लिहिलं की समन्स तसंच परत येतं, अशिलाची तारीख फुकट जाते.

सबब विनंती: पण हे नमुने इंग्रजीत का? १९९८ पासून जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. माझ्या आजीने इंग्रजी दाव्यावर अंगठा दिला होता. खाली सत्यापनात "मजकूर खरा आहे" असं तिच्याच नावाने. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

नमुनाकार: आणि अपील हायकोर्टात गेलं की भाषांतराचा खर्च कोण देणार? आजीच ना?

सबब विनंती: म्हणून खाली न वाचता सही घ्यायची? संतापच येतो. वाचून दाखवायला दहा मिनिटं लागतात.

बांधावरची: मुद्दा भाषेचा नव्हता, पण हे खरं आहे. मी मराठी मसुदा वाचून दाखवत होते तेव्हा अशीलच म्हणाले, "ताई, विहीर सामाईक आहे, तुम्ही एकट्याची लिहिलीत." इंग्रजीत ते गप्प बसले असते.

निवृत्त कारकून: हे मात्र मी तीस वर्षं पाहिलंय. सत्यापन वाचून घेणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच.

नमुनाकार: ठीक, चतुःसीमा आणि समन्स, दोन्ही मान्य. नमुन्यातून ते येत नाही. पण बसभाड्यावर कुणीच बोललं नाही. तालुक्याहून रोज येणारी मुलगी तिसऱ्या महिन्यात घरी बसते, मग तिला रोजनामा कोण शिकवणार?

बांधावरची: त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. मला बाई महिन्याचा पास काढून द्यायच्या, म्हणून मी टिकले.