अलॉय व्हीलवरचे नारिंगी ठिपके आणि काळवंडलेला सायलेन्सर: सुरुवात कुठून करू?

एमएच_आठ

गाडी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक. रत्नागिरीत उघड्यावर उभी असते, समुद्र जवळच. व्हील डायमंड कट आहेत, म्हणजे दर्शनी भाग चकचकीत आणि खाचा काळ्या. आजवर फक्त पाणी आणि शाम्पू वापरलाय. अडचणी अशा:

पुढच्या दोन्ही व्हीलवर बारीक नारिंगी ठिपके आहेत, घासून जात नाहीत. मागच्या व्हीलवर जवळजवळ नाहीत. अलॉयला गंज चढतो का?

एका व्हीलच्या कडेला पांढरट, गांडुळासारख्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात.

सायलेन्सरच्या टोकाची चकचकीत नळी आतून काळीकुट्ट आणि बाहेरून चहा सांडल्यासारखी तपकिरी झालीय.

वॉशिंग सेंटरवाले व्हीलवर काहीतरी फवारतात, मिनिटभरात व्हील लख्ख. तेच आणून घरी वापरू का?

पाना_बारा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण नुकसान तिथेच होतं. नका वापरू. डब्यावर लेबल नसेल तर तो द्रव बहुधा ॲसिड असतो, नाहीतर ट्रक धुवायचा कॉस्टिकचा फेस. ॲल्युमिनियमला दोन्ही खातात, आम्लही आणि अल्कलीही. आज लख्ख दिसतं, पण लॅकरला जिथे खडी लागून बारीक टवका गेलाय तिथून ते आत शिरतं आणि काही महिन्यांनी व्हील दुधाळ पडतं. टॉयलेट क्लीनरने व्हील धुण्याचे व्हिडिओही याच कारणासाठी विसरून जा.

तुम्ही धातू धुत नाही, धातूवरचं पारदर्शक लॅकर धुता. हे एकदा डोक्यात बसलं की काय वापरायचं आणि काय नाही हे आपोआप कळतं. खात्री करायची तर मेटल पॉलिशचा थेंब पांढऱ्या फडक्यावर घेऊन व्हीलच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच घासा. फडकं काळं झालं तर उघडा धातू. नाही झालं, किंवा व्हीलचाच रंग आला, तर वर लॅकर किंवा पेंट आहे. पॉलिश तिथेच थांबवा.

नारिंगी ठिपके हे अलॉयचा गंज नव्हेत. ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅडमधून लोखंडाचा तापलेला बारीक चुरा उडतो, लॅकरला चिकटतो आणि तिथेच गंजतो. ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात, आणि हॅचबॅकला मागे बहुतेक डिस्कऐवजी बंद ड्रम ब्रेक असतो, त्यात धूळ आतच राहते. म्हणून तुमची मागची व्हील स्वच्छ.

त्यावर उपाय म्हणजे पीएच न्यूट्रल आयर्न रिमूव्हर, म्हणजे ना आम्ल ना अल्कली असा, लोखंडाचा चुरा विरघळवणारा द्रव. एका व्हीलला साधारण ५० मिली, म्हणजे २०० मिलीत चारही होतात. क्रम असा ठेवा:

गाडी सावलीत, चाकं थंड. हाताची मागची बाजू व्हीलला लावून बघा, कोमट लागलं तरी थांबा. एका वेळी एकच चाक घ्यायचं, आणि बॉडीच्या आधी चाकं, नाहीतर धुतलेल्या दारावर काळे शिंतोडे उडतात.

आधी नुसत्या पाण्याने माती पूर्ण काढा. माती असताना ब्रश फिरवला तर तो पॉलिश पेपरचं काम करतो. मग १० लिटर पाण्यात ३० मिली कार शाम्पू घालून धुवा. ही बादली आणि हे ब्रश बॉडीला कधीही लावायचे नाहीत. त्यात अडकलेला लोखंडाचा चुरा पेंटवर ओरखडे काढेल. नटांच्या खड्ड्यांसाठी रंगाचा एक इंची ब्रश उत्तम, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे द्या. बाटली धुवायचा ब्रश वापरत असाल तर तारेचं टोक तपासा, लॅकरला सर्वात जास्त चरे त्यानेच पडतात.

आता आयर्न रिमूव्हर फवारा. मिनिटभरात ठिपक्यांतून जांभळे ओघळ सुटतील. वास सडक्या अंड्यासारखा येतो, घाबरू नका, त्यातल्या गंधकाचा तो गुण आहे. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा. ३ ते ५ मिनिटं ठेवून ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. वाळू द्यायचं नाही, वाळलं की डाग पडतो. पहिल्यांदा करताना बहुधा दोनदा लागेल.

पांढऱ्या रेषांवरून नख फिरवा. अडकलं तर तो वर बसलेला क्षार. नख गुळगुळीत गेलं तर लॅकरच्या खाली गंज पसरतोय. समुद्राकाठी टवक्यातून खारं पाणी आत शिरलं की तो झाडाच्या मुळांसारखा वाढतो. तो कोणत्याही क्लीनरने जाणार नाही. लेथवर पुन्हा कट करून लॅकर मारावं लागतं, आणि दर वेळी धातूचा थर कमी होत असल्याने ते मोजक्याच वेळा जमतं. किंवा सरळ साधा पेंट मारून घ्या. रत्नागिरीच्या हवेत मी तरी तेच सुचवेन.

काजळी

सायलेन्सरचं मी घेतो. आधी नळी कसली आहे ते ओळखा. क्रोम असेल तर झाक निळसर, आरशासारखी असते, आणि बिघडलं की बारीक फोड येऊन पापुद्रा निघतो. स्टेनलेसची झाक किंचित पिवळट असते, त्याला समुद्राच्या हवेत चहासारखे डाग पडतात पण पापुद्रा निघत नाही. तुमचं वर्णन स्टेनलेसचं वाटतंय. काळ्या रंगाची नळी असेल तर शाम्पूपलीकडे काहीच लावू नका. आणि बंपरमध्ये बसवलेली नुसती शोभेची नळी नाही ना, हेही वाकून बघा.

काजळी तेलकट असते, नुसत्या पाण्याने हलत नाही. नळी पूर्ण थंड झाल्यावर ऑल पर्पज क्लीनर लेबलवरच्या प्रमाणात पातळ करून फवारा, दोन मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा, धुवा. मग वाटाण्याएवढं मेटल पॉलिश चार शून्यांच्या स्टील वूलवर घेऊन हलक्या हाताने. तीन शून्यांचं किंवा स्वयंपाकघरातली तारेची घासणी आणली तर चरे पडतील. ब्रश्ड फिनिश असेल तर रेषांच्या दिशेनेच घासा. बाहेरून आरसा होईपर्यंत करा, आतून मात्र काळं सुटलं की थांबा. आतला भाग मुळातच खडबडीत असतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काळा होणार.

क्रोम असेल तर स्टील वूल बाजूला ठेवा. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून गंजाच्या ठिपक्यावर घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरा पडत नाही आणि वरचा गंज सुटतो. पापुद्रा निघालेलं क्रोम मात्र परत येत नाही.

पाण्याची धार थेट नळीत मारू नका. पाणी जाऊ नये म्हणून आत फडक्याचा बोळा कोंबला असेल तर काढायला विसरू नका. शेवटी इंजिन पाच मिनिटं चालू ठेवा, म्हणजे आतला ओलावा जाईल. तसंही एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं; रोज दोन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ते आतच साचतं आणि सायलेन्सर आतून सडतो.

चुंबक_वाला

यात सोपी युक्ती सुचवतो, चुंबक लावा. चिकटला तर क्रोम चढवलेलं लोखंड, नाही चिकटला तर स्टेनलेस.

काजळी

अर्धंच खरं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चिकटत नाही, पण सायलेन्सरमध्ये सर्रास वापरलं जाणारं ४०९ ग्रेडचं स्टेनलेस चिकटतं. त्यामुळे चुंबक चिकटला नाही तर क्रोम चढवलेलं लोखंड नाही हे नक्की, चिकटला तर निकाल लागत नाही. झाक आणि पापुद्रा बघूनच ठरवा.

एमएच_आठ

खूपच उपयोगी. दोन शंका. पितळेची भांडी चमकवायचं ब्रासो घरात आहे, ते चालेल? आणि हे सगळं केल्यावर टिकवायचं कसं? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, वाळलं की पांढरे ठिपके पडतात.

पाना_बारा

ब्रासो स्टेनलेसच्या नळीवर चालेल, व्हीलवर अजिबात नाही. त्यातल्या घासणाऱ्या कणांनी लॅकर धुरकट होतं.

बोअरच्या पाण्यावर खरा उपाय वाळू न देणं हाच. धुतलं की लगेच मायक्रोफायबरने पुसा, नटांच्या खड्ड्यांसकट. जुन्या ठिपक्यांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान, मिनिटभर, मग लगेच धुवायचं.

टिकवण्यासाठी मेण नको. कार्नुबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की व्हीलवर ते फार दिवस तग धरत नाही. सिंथेटिक व्हील सीलंट, म्हणजे व्हीलवर संरक्षक थर देणारं द्रावण, घ्या. कोरड्या व्हीलवर पातळ थर, लेबलवर लिहिलंय तितका वेळ थांबून पुसायचं. पुढच्या वेळी ब्रेकची धूळ शाम्पूनेच निघून जाईल. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने व्हील पुसून घ्यावं लागतं आणि लावल्यावर दिवसभर पाणी लागू द्यायचं नसतं. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर त्याचा विचारही नको. हेच सीलंट सायलेन्सरच्या नळीला बाहेरून लावा, चहाचे डाग उशिरा येतील.

सीलंट असो की टायर पॉलिश, डिस्कवर थेंबही जाता कामा नये. फवारू नका, स्पंजवर घेऊन लावा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागालाही नाही.

घाटमाथा

वर सुटलेली एक गोष्ट. व्हीलची आतली बाजू. पावसाळ्यात तिथे चिखल बसून वाळतो आणि ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागतं. लोक थेट बॅलन्सिंगला जातात. आधी आतून धुऊन बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच थरथर जाते. धुताना बॅलन्सिंगसाठी आत चिकटवलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या वजनांना ब्रशने उचकटू नका, आणि त्यांच्या आसपास डांबर काढायचं केमिकल किंवा रॉकेल लावू नका. चिकटपट्टीचा गोंद सुटतो, वजन पडतं आणि मग खरंच बॅलन्सिंग करावं लागतं.

चाक काढून धुणार असाल तर गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. नट आवळताना आडवे-तिडवे, समोरासमोरचे, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे तेवढ्याच जोराने.

धुतल्यावर गाडी तशीच उभी करू नका. गल्लीत एक फेरी मारून चार-पाच वेळा हलके ब्रेक दाबा. ओल्या डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो, सकाळी पहिल्या ब्रेकला खर्र आवाज येतो तो त्याचाच.

एमएच_आठ

नख गुळगुळीत गेलं, म्हणजे ते व्हील पेंटलाच. उरलेल्या तिघांवर या रविवारी आयर्न रिमूव्हर मारतो.

पाना_बारा

सकाळी आठच्या आत करा, ऊन चढलं की पाच मिनिटंही ओलं राहत नाही. आणि त्या चौथ्यालाही मारा. पेंटवाल्याकडे देण्याआधी लोखंडाचा चुरा निघालेला बरा, नाहीतर नव्या पेंटखाली तोच गंजत बसेल.