९१ पर्सेंटाइलवर थांबावे की पुन्हा कॅट द्यावी? (चर्चा, २०२५)

अंबडची पहिली पाळी

मी नाशिकचा असून यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेतल्यापासून, म्हणजे २०२२ पासून, अंबड औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या कॅटमध्ये, म्हणजे आयआयएम व इतर व्यवस्थापन संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेत, मला ९१.३ पर्सेंटाइल मिळाले. इंग्रजी आकलनात ९३, गणितात ९२ आणि डेटा व तर्क या विभागात फक्त ६७. आदल्या वर्षी एकूण ८८ होते. मी खुल्या प्रवर्गातला आहे आणि बारावीला ७१ टक्के आहेत.

घात त्या मधल्या विभागाने केला. पाच सेट (एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न म्हणजे एक सेट), २२ प्रश्न आणि ४० मिनिटे. समोर आलेल्या पहिल्याच सेटचा तक्ता मी रफ कागदावर दोनदा मांडला आणि दोनदा खोडला. घड्याळाकडे पाहिले तेव्हा १९ मिनिटे गेली होती आणि एकही उत्तर नोंदवलेले नव्हते.

पुण्यातील एका खासगी संस्थेने प्रवेश देऊ केला आहे. दोन वर्षांचे शुल्क साडेअकरा लाख असून जागा राखण्यासाठी येत्या शुक्रवारपर्यंत ५० हजार भरायचे आहेत. एप्रिलच्या सुरुवातीला होणाऱ्या राज्याच्या एमबीए सीईटीचाही (प्रवेशपरीक्षेचाही) अर्ज भरलेला आहे. वडिलांचे म्हणणे, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. मला मात्र आणखी एकदा कॅट द्यावीशी वाटते. आपली मते कारणांसह हवी आहेत.

गोदाकाठचा हिशेबनीस

माझे मत स्पष्ट आहे: पुन्हा देऊ नका. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली, म्हणजे ९१.३ पर्सेंटाइल असताना तुमच्या पुढे पंचवीस हजारांहून अधिक उमेदवार आहेत. पर्सेंटाइल हे गुण नव्हेत, ती रांगेतील जागा आहे. तुम्ही वर्षभर झटाल, तसे रांगेतील इतरही झटतील. संपूर्ण एक वर्ष घालवून तुम्ही सव्वातीन अंकांनी पुढे सरकलात, हे विसरू नका.

दुसरे असे की, आयआयएमच्या निवडीत दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही धरले जातात. तुमचे ७१ टक्के तिसऱ्या प्रयत्नानंतरही ७१च राहणार. खुल्या प्रवर्गातील अभियंत्याला जुन्या आयआयएमकडून बोलावणे यायचे तर सर्वसाधारणपणे ९९ च्या पुढे जावे लागते, आणि अभियंते तर ढिगाने आहेत.

सिडकोतली तिसऱ्या प्रयत्नाची

वरील हिशेब बरोबर असला तरी अर्धाच आहे. एकूण आकडा बाजूला ठेवून विभागवार आकडे पाहा. ज्याला दोन विभागांत ९२ आणि ९३ मिळतात, त्याची तयारी कच्ची नाही. त्याला कोणता सेट सोडायचा हे कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय अनेक आयआयएम प्रत्येक विभागासाठी वेगळी किमान अट ठेवतात, त्यामुळे एकूण गुण वाढले तरी ६७ वर तुम्ही दारातच अडकाल. नेमके तेच दुरुस्त करायचे आहे.

मी स्वतः तीनदा परीक्षा दिली. तिसऱ्या वेळी एकच गोष्ट बदलली: पहिली सात मिनिटे पेन खाली ठेवून पाचही सेट नुसते वाचायचे आणि त्यांतले दोन तिथल्या तिथे सोडून द्यायचे. फार जड जाते, कारण सोडलेला सेट सोपा होता की काय, अशी रुखरुख पूर्ण वेळ लागून राहते. पण बरोबर उत्तराला तीन गुण आणि चुकीच्या पर्यायाला एक गुण वजा असताना, पूर्ण सुटलेला चार प्रश्नांचा एक सेट १२ गुण देतो, तर अर्धवट चिवडलेले तीन सेट काहीच देत नाहीत. त्या वर्षी माझा हा विभाग ७४ वरून ९५ वर गेला.

नोकरी सोडायची नसेल तर नुकसान तरी कशाचे? अनुभवाचे वर्ष वाढेल आणि अर्जाला अडीच हजारांच्या आसपास लागतील. साडेअकरा लाखांचे कर्ज काढण्यापूर्वी एवढा खर्च जड नसावा.

गोदाकाठचा हिशेबनीस

तुम्ही पार झालात म्हणून लिहीत आहात. तिसऱ्या प्रयत्नात ९० वरच राहिलेले इथे लिहायला येत नाहीत. आणि नोकरी सांभाळून करू, हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो.

दिंडोरीचा बागाईतदार

परीक्षेतले मला कळत नाही, पण माझ्या मुलीने ही परीक्षा दोनदा दिल्याने घरात हा विषय वर्षभर होता. द्राक्षाच्या बागेची आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. घड दिसतात ऑक्टोबरनंतर, पण काडीच्या डोळ्यात घड धरला जातो तो खरड छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत. त्या काळात काडीला ऊन मिळाले नाही, पानांचा विस्तार दाटला, तर ऑक्टोबरमध्ये कितीही औषधे मारा, वांझ फूट निघते.

मुलीचे पहिल्या वर्षी हेच झाले. अभ्यास ऑगस्टमध्ये सुरू झाला. म्हणून मुलाला विचारावेसे वाटते की, एप्रिल ते जूनमध्ये तू काय करणार आहेस? पाळ्या बदलत राहिल्या आणि रात्री साडेअकराला घरी येऊन झोपायचे असेल, तर हिशेबनीस म्हणतात तेच खरे. उन्हाळा मोकळा मिळत असेल तर ताईंचे खरे.

पंचवटीतून

सगळे कॅटभोवतीच फिरत आहेत, म्हणून थोडे विषयाच्या कडेने. १ ते ३ एप्रिलला सीईटी आहे: २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. तिथे ७५ प्रश्न तर्काचे असले तरी बहुतेक तुटक आणि छोटे असतात. १९ मिनिटे गिळणारा सेट सहसा भेटत नाही. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेसाठी साडेनव्व्याण्णवच्याही वर लागते हे खरे, पण चांगली संस्था काही ती एकच नाही. दोन आठवडे सगळे सोडून तेवढेच करा.

आणि कारखान्यात गुणवत्ता पाहणाऱ्या माणसाने सिम्बायोसिसची ऑपरेशन्स व्यवस्थापनाची संस्था नाशिकमध्येच असताना तिचा उल्लेखही करू नये, याचे नवल वाटले. तिच्यासाठीची स्नॅप ही प्रवेशपरीक्षा एकाच हंगामात तीनदा देता येते आणि सर्वांत चांगले गुण धरले जातात. पुन्हा परीक्षाच द्यायची, तर वर्षाचा डाव एका रविवारवर का लावायचा?

सिडकोतली तिसऱ्या प्रयत्नाची

स्नॅपचे मान्य. पुण्याच्या त्या संस्थेविषयी एक विचारते: नोकऱ्यांचे सरासरी वेतन त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांचे दिले आहे की केवळ नोकरी मिळालेल्यांचे?

अंबडची पहिली पाळी

सर्वांचे आभार. ताईंच्या प्रश्नावरून संस्थेचे पत्रक पुन्हा वाचले. सरासरी 'नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची' आहे; एकूण विद्यार्थी किती होते, हे त्यात कुठेही नाही. उद्या फोन करून विचारतो.

काल रात्री मॉकची, म्हणजे सराव परीक्षांची, वही काढली. ऑगस्टनंतर १४ मॉक दिले होते आणि त्यांपैकी ११ मध्ये समोर आलेला पहिलाच सेट मी आधी सोडवायला घेतला होता. निकालानंतर चुका तपासल्याच्या नोंदी मात्र तीनच मॉकच्या सापडल्या. हिशेबनीसांनी दाखवलेली सव्वातीन अंकांची वाढ यामुळे समजली, पण ती माझ्या कुवतीची मर्यादा आहे, हे अजून पटत नाही.

सीईटी देणारच आहे. बागाईतदार काकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्या हातात नाही. एप्रिल ते जून कायम पहिली पाळी मिळावी, असा अर्ज आज साहेबांकडे दिला. ते गुरुवारी सांगतो म्हणाले आहेत, आणि शुल्काची मुदत शुक्रवारी संपते.