मदत हवी आहे: गावठाणालगतचा प्लॉटिंगचा लेआउट, त्यातून जाणारा ओढा आणि आमचं शेत. हरकत घ्यायची कुठे?

ओघळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाव कोरेगाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. आमचं २७ गुंठे रान गावठाणाच्या वरच्या अंगाला आहे. सातबाऱ्यावर वडिलांचं नाव, कसतात आप्पा (चुलते). मी चिंचवडला असते. आमच्या खालचा ३९ गुंठ्यांचा गट शेजाऱ्यांनी विकला. २०२२ च्या दिवाळीत मोजणी झाली, यंदा होळीनंतर जेसीबी आला आणि आता तिथे फलक लागलाय: "एन.ए. प्लॉट, कर्ज उपलब्ध, सातारा १५ मिनिटं". (एसटीने पाऊण तास लागतो, पण ते असो.)

आमच्या रानातलं पावसाचं पाणी एका ओढ्याने त्या गटातून खाली जातं. माझ्या आजोबांच्या आधीपासून. रस्ता करताना त्यांनी ओढ्यात दोन फुटी सिमेंटचा पाइप टाकला आणि वर मुरूम भरला. रस्त्याच्या पुढेही ओढा बराचसा बुजवून सपाट केलाय. आम्ही अक्षय्य तृतीयेनंतर आल्याची लागण केली. मागच्या आठवड्यात वळवाचा एकच पाऊस झाला, तर खालच्या चार सऱ्यांत दोन दिवस पाणी उभं होतं. आलं लावणाऱ्यांना सांगायला नको, पाणी तुंबलं की कंदकूज ठरलेली. अजून जुलै-ऑगस्ट यायचाय.

आप्पा ग्रामपंचायतीत गेले. "मंजुरी वरनं आलीय, आम्ही फक्त ना हरकत दिली." सरपंच आप्पांचे साडू लागतात, त्यामुळे तिथे आवाज चढवायची सोय नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात विचारलं, तर खिडकीवरून प्रश्न आला, "तुम्ही अर्जदार का? नाही? मग कशाला?" शेजारच्या शेतकऱ्याला नोटीस यायला नको का? हरकतीची मुदत असते का, की ती केव्हाच संपली? आणि हे मंजूर करतं तरी कोण?

एक स्पष्ट करते. तिथे घरं नकोत असं माझं म्हणणं नाही. गावठाणात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. माझ्या चुलतभावांचे तीन संसार चार खोल्यांत आहेत, त्यातल्या एकाने याच लेआउटमध्ये चौकशी केली आहे. मला फक्त ओढा हवाय.

---

फुकटचा सल्ला

पुण्यात बंगले झाले तेव्हा कुणाचे ओढे बुजले ते विचारलं होतं का ताई? गावाकडे चार घरं होऊ लागली की लगेच पर्यावरण आठवतं.

---

ओघळ

आम्ही वन रूम किचनमध्ये राहतो, बंगल्याचं माहीत नाही. पर्यावरण हा शब्द मी लिहिलेलाही नाही. आल्याबद्दल लिहिलंय.

---

जुना नकाशा

भूमी अभिलेखात नोकरी झाली, आता निवृत्त. थोडं मूळापासून सांगतो, कारण या बाबतीत गावोगावी गोंधळ आहे.

तुमच्या भागात लेआउट ग्रामपंचायत मंजूर करत नाही. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १८ खाली परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, आणि तांत्रिक तपासणी नगररचनाच्या शाखेची. पंचायतीचं ना हरकत म्हणजे पाणी, दिवाबत्ती, रस्ता याबद्दलचं म्हणणं. गोंधळ का होतो, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, कर भरला की, अकृषिक (एन.ए.) मानली जाते. लोकांना वाटतं सनद (अकृषिक वापराचा दाखला) मिळाली म्हणजे सगळंच मिळालं. सनद वेगळी, मंजूर रेखांकन (लेआउट) वेगळं. आणि ते २०० मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे, शेवटच्या घराच्या पडवीपासून नाही. मोजणीत मी या एका गोष्टीवरून भांडणं पाहिली आहेत.

तुमच्या कळीच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. विकास योजना करताना किंवा झोन बदलताना हरकती-सूचना मागवतात. एका गटाच्या लेआउटला शेजाऱ्याला नोटीस देण्याची तरतूदच नाही. परवानगी नाकारली तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ चं अपीलही अर्जदारालाच. म्हणजे तुमची मुदत संपली वगैरे काही नाही, ती कधी सुरूच झाली नव्हती.

पण ओढ्याचं तसं नाही. २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या एकत्रिकृत नियमावलीत (बांधकाम आणि लेआउटचे राज्याचे नियम) नाल्याच्या काठापासून ९ मीटर आणि नदीपासून १५ मीटर अंतर सोडायला सांगितलंय. तुमचा ओढा गावनकाशावर आहे का, हे आधी बघा. दुहेरी रेघ असेल तर काम सोपं. नसेल तर जुना टिपण-फाळणीचा (जुन्या मोजणीच्या कागदांचा) उतारा काढा.

३९ गुंठे वाचून हसू आलं. ४० गुंठे म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या वर, आणि तिथून १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ३९ ला लागत नाही. मूळ गट केवढा होता आणि पोटविभागणी कधी पडली, ते फेरफारात बघून ठेवा. कामाला येईलच असं नाही.

---

प्लॉट नंबर ९

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. सांगलीकडे अशाच लेआउटमध्ये दीड गुंठा घेतला, बायकोचे दागिने मोडून. पहिल्याच पावसाळ्यात पायाच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी. ओढा बुजवला की पाणी वरच्या शेतात तुंबतं, आणि तिथून उतू गेलं की घेणाऱ्याच्या दारात येतं. त्यामुळे प्लॉट घेणाऱ्यांना शत्रू समजू नका. त्यांना आज फक्त फलक दिसतोय.

एक करा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठपेक्षा जास्त, म्हणजे महारेराची (घर-प्लॉट प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी बंधनकारक आहे. फलकावर नोंदणी क्रमांक असायला हवा. तो घालून महारेराच्या संकेतस्थळावर शोधा, मंजूर नकाशा तिथे चढवलेला असतो. माहिती अधिकारात १० रुपये भरून ३० दिवस थांबण्यापेक्षा हे बरं. मग त्यांचं माहितीपत्रक आणि मंजूर नकाशा शेजारी ठेवा आणि प्लॉट मोजा. आम्ही मोजले नव्हते.

---

तारीख पे तारीख

वकील आहे, पण हा सल्ला म्हणून धरू नका, कागद पाहिलेले नाहीत.

तुम्ही लेआउटवर हरकत घेण्याच्या मागे लागू नका, तो रस्ता लांबचा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहाला अडथळा केला आणि त्याने शेताचं नुकसान होत असेल किंवा होण्यासारखं असेल, तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. लोक हे कलम फक्त वहिवाटीच्या रस्त्यासाठी वापरतात, पाणी विसरतात. दोन अटी आहेत. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. होळीनंतर मुरूम पडला म्हणता, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत दाखल झालेला बरा. दुसरी, अडथळा कायद्याच्या अधिकाराशिवाय घातलेला असला पाहिजे. मंजूर नकाशातच दोन फुटी पाइप असेल तर समोरचा तेच म्हणेल. म्हणून वर सांगितलंय तसं नकाशा आधी हातात घ्या.

आणि सरपंचांना पक्षकार करायची गरज नाही. आप्पांची दिवाळी वाचेल.

---

ओघळ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी गावी जाऊन आले.

फलकावर नोंदणी क्रमांक होता, खालच्या कोपऱ्यात, मोटारसायकल लावल्यावर झाकला जाईल असा. नकाशा मिळाला. जुन्या नकाशेवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे ओढा निळ्या रेघेत आहे, दोन्ही बाजूंना ९ मीटरचा पट्टा सोडलाय, आणि रस्ता ओढ्यावरून जातो तिथे मोरी दाखवली आहे, चांगली स्लॅबची. म्हणजे मंजुरी देणाऱ्यांनी काम बरोबर केलंय, हे मला कबूल करायला हवं. मी उगाच त्यांच्यावर खार खाऊन होते.

मग प्लॉट मोजले. मंजूर नकाशात १२. माहितीपत्रकात १४.

१३ आणि १४ नंबर कुठे आहेत ते सांगायला नकोच. ओढ्यावर. चुलतभावाने ज्याची चौकशी केली होती तो १३. "कोपऱ्याचा आहे, थोडा स्वस्त पडतोय," असं त्याला सांगितलं होतं. तो परवापासून माझ्यापेक्षा जास्त चिडलाय.

आता प्रश्न: अर्ज आप्पांच्या नावाने करू की वडिलांच्या? वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना कोरेगावला हेलपाटे झेपणार नाहीत. शिवाय हे दोन जास्तीचे प्लॉट तहसीलदारांपुढे मांडायचे, की वेगळीकडे?

---

तारीख पे तारीख

दावा वडिलांच्या नावाने, ताबा आणि वहिवाट आप्पांची म्हणून तेही सहअर्जदार. हेलपाट्यांसाठी वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र घ्या, जवळचा कुणी जाऊ शकेल. सोबत सातबारा, गावनकाशाची नक्कल, मंजूर नकाशा, तारखेसह फोटो. वळवाच्या वेळचे फोटो आहेत ना?

दोन प्लॉट तिथे उगाळू नका, तहसीलदारांपुढे विषय पाण्याचाच राहू द्या. मंजूर नकाशा सोडून केलेल्या कामासाठी जिल्हाधिकारी आणि नगररचनाला वेगळा अर्ज द्या, नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटीस काढता येते. १३-१४ साठी कुणी इसार दिला असेल तर महारेराकडे तक्रार त्याने करायची. भावाने पैसे दिलेत का?

---

ओघळ

११ हजार. पावतीवर प्लॉट नंबर नाही, नुसतं "कोपरा" लिहिलंय.

फोटो आप्पांच्या मोबाइलमध्ये होते, पण त्यांनी जागा नाही म्हणून पुसले. शेजारच्या पोराने मात्र तुंबलेल्या सऱ्यांत बेडूक ओरडतात त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, तो त्याच्याकडून मागवलाय. त्यात मागे फलकही दिसतो.

---

जुना नकाशा

बेडकांचा आवाज काढू नका त्यातला. स्थळ पाहणीला तहसीलदार किंवा मंडल अधिकारी येतील त्या दिवशी आप्पांना रानात थांबायला सांगा, आणि जुनी माणसं दोन-तीन, ओढ्यात म्हशी धुतलेली. पंचनाम्यात ओढ्याची रुंदी फुटात लिहून घ्या. "ओढा आहे" एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षी पाइपालाच ओढा म्हणतील.