स्वस्तातली आयशॅडो पॅलेट : आपापले अनुभव लिहा

पाचशे रुपयांच्या आतली आयशॅडो पॅलेट (पापण्यांवर लावायच्या रंगीत पावडरींची डबी) घ्यावी का, असे विचारले की बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक तर ‘स्वस्तातले काही डोळ्यांजवळ नेऊच नका’, नाहीतर ‘सगळे सारखेच असते’. निवड करताना दोन्हींचा उपयोग होत नाही, म्हणून हा धागा. आपल्या वर्णावर आणि आपल्या हवेत कोणती शेड कशी दिसली, किती टिकली, कशी लावली, हे कृपया तपशिलाने लिहावे.

ठाणे (धागाकर्ती)
माझा वर्ण सावळा आहे. फिक्या गुलाबी आणि पीच रंगाच्या मॅट (चमक नसलेल्या) शेड माझ्या पापणीवर राखाडी, पिठूळ दिसतात. त्या शेड फिक्या करण्यासाठी टिटॅनियम डायऑक्साइडसारखे पांढरे द्रव्य घातलेले असते आणि स्वस्त पॅलेटमध्ये त्यात टाल्कची भरही अनेकदा जास्त असते. शिमरचे, म्हणजे चकाकणाऱ्या शेडचे, तसे होत नाही. तिची चमक अभ्रकाच्या बारीक कणांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते, त्यामुळे कमी किमतीतही ती खुलून दिसते. दुकानात आपण सगळ्याजणी शिमरवरच आधी बोट फिरवतो. मी मात्र पॅलेटमधला सर्वांत गडद मॅट तपकिरी आधी मनगटावर ओढून बघते. तो एका हातात सलग उमटला, तरच पुढचे रंग पाहते. विटकरी, तांबूस आणि वांगी छटांनी मला आजवर निराश केलेले नाही.

रत्नागिरी
मी हौशी नाट्यसंस्थेत रंगभूषा करते आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत आमचा खर्च नेहमीच हात राखून होतो, त्यामुळे स्वस्त पॅलेट हेच माझे मुख्य साधन आहे. आमच्या कामात शिमर जवळजवळ निरुपयोगी. चार बऱ्या मॅट तपकिरी छटा मिळाल्या की पॅलेटचे पैसे वसूल होतात. तरुण नटाला म्हातारा करायचा असेल, तर मी त्याला कपाळाला आठ्या घालायला आणि मग तोंडभर हसायला सांगते, ज्या रेघा पडतील त्यांत बारीक ब्रशने थंड, राखाडीकडे झुकणारा तपकिरी भरते, आणि प्रत्येक रेघेच्या वरच्या कडेला त्वचेपेक्षा फिकी छटा लावते. तीच राखाडी छटा गालांच्या खोबणीत भरली की चेहरा ओढलेला दिसतो. इथे लालसर तपकिरी चालत नाही, कारण पिवळ्या प्रकाशात तो विरून जातो. उलट निळ्या प्रकाशात लाल रंग काळपट दिसतो. म्हणून प्रकाशयोजना ठरल्याशिवाय मी शेड पक्की करत नाही.

कोकणातल्या दमट हवेविषयीही सांगते. नुसत्या पापणीवर लावलेली पावडर पहिला अंक संपायच्या आत पापणीच्या घडीत गोळा होते. कन्सीलरचा (डाग झाकायच्या क्रीमचा) अगदी पातळ थर, त्यावर किंचित साधी पावडर आणि मग आयशॅडो, अशा क्रमाने लावल्यास ती प्रयोगभर टिकते. बोटांच्या तेलकटपणामुळे पॅलेटमधल्या रंगाच्या वडीवर कडक पापुद्रा धरतो आणि ब्रशला रंग येईनासा होतो. तो साध्या चिकटपट्टीने अलगद उचलून काढावा, खालची पावडर चांगली असते.

नागपूर
मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. एका प्रसिद्ध परदेशी पॅलेटची हुबेहूब नक्कल मी रस्त्यावरून घेतली होती. ती लावल्यावर पापण्या सुजल्या आणि नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांचा मेकअप काही काळ पूर्ण थांबवायला सांगितला. त्या खोक्यावर उत्पादकाचे नावच नव्हते. किंमत कमी असणे आणि वस्तू बेनामी असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी, आणि माल आयात केलेला असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक, एवढे छापलेले असेल तर मी दोनशे रुपयांची पॅलेटही निर्धास्त घेते. लेन्स आधी घालावी, मेकअप नंतर. मोठ्या कणांचे ग्लिटर मात्र मी पूर्ण टाळते, कारण ते डोळ्यात गेले तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो.

कार्ल्सरूह, जर्मनी
इथल्या डीएम या साखळी दुकानांत एसेन्स आणि कॅट्रिस या जर्मन ब्रँडच्या छोट्या पॅलेट मोजक्या युरोंत मिळतात, आणि रोज ऑफिसला जाताना मला त्या पुरतात. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत रंग ओघळत नाही, पण कोरड्या पापणीवर तो डागाडागांनी बसतो, म्हणून आधी मॉइश्चरायझर लावून ते मुरू द्यावे लागते. मागच्या बाजूला उघड्या डबीच्या चित्रात १२ एम किंवा २४ एम लिहिलेले असते. उघडल्यापासून तितके महिने ती पॅलेट वापरावी. मे महिन्यात मुंबईला येताना मात्र रत्नागिरीच्या ताईंनी सांगितलेला कन्सीलरचा थर हवाच.

सांगली
माझे पार्लर आहे. पॅलेट महागडी असो वा स्वस्त, ब्रश थेट तिच्यात बुडवून एकीच्या डोळ्यांवरून दुसरीच्या डोळ्यांवर नेऊ नये. मी लागेल तेवढी पावडर स्टीलच्या पट्टीवर खरवडून घेते आणि प्रत्येकीसाठी धुतलेला ब्रश वापरते. आमच्याकडे जैन ग्राहक पुष्कळ आहेत, त्यामुळे मरून आणि लाल शेडची घटक-यादी मी आवर्जून वाचते. तिथे कार्माइन किंवा त्याचा सांकेतिक क्रमांक सीआय ७५४७० लिहिलेला असेल, तर तो रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला असतो. हे नववधूला आधीच सांगते आणि लोहाच्या ऑक्साइडचा विटकरी रंग दाखवते. शालूच्या लालसोबत तो छान दिसतो.

पुणे
पन्नाशीनंतर शिमर पापणीच्या सुरकुत्यांत जाऊन बसते, म्हणून मी ती पापणीच्या मध्यभागी, ओलसर बोटाने दाबून, टिकलीएवढीच लावते; बाकी सगळीकडे मॅट. तुळशीबागेतून घेतलेल्या चार रंगांच्या छोट्या पॅलेटमध्ये हे सगळे होते. अठरा रंगांची मोठी पॅलेट मी मुलीला देऊन टाकली, कारण त्यातले तीनच रंग माझ्या वापरात होते.